तीन मजले, एक जोडणी

नवी मुंबईतील ऐरोलीत असलेले आमचे रो-हाऊस तळमजला आणि वर दोन मजले असे आहे. खाली सासू-सासरे, मधल्या मजल्यावर आम्ही तिघे आणि सर्वांत वर दीर, जाऊबाई व त्यांचा बारावीतला मुलगा राहतात. स्वयंपाक एकत्र, विजेचे मीटर एक आणि इंटरनेटची जोडणीही एकच, ती सासऱ्यांच्या नावावर. मी महापे येथील एका कंपनीत हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी ग्राहकांना साहाय्य करते आणि आठवड्यातील तीन दिवस घरून काम करते. नेटवर्किंग हा माझा व्यवसाय नाही. कंपनीचे सर्व्हर लिनक्स या कार्यप्रणालीवर असल्यामुळे काळ्या पडद्यावर टंकायच्या आज्ञांची भीती वाटत नाही, एवढीच काय ती पूर्वतयारी. गेल्या वर्षी मार्च ते जुलै या काळात घरातली ही एक जोडणी जुन्या संगणकामार्फत सर्वांना वाटून देण्याचे काम मी केले, त्याची ही हकिकत आहे.

तक्रार जुनीच होती, पण मार्चअखेरीस, म्हणजे हिशेबवाल्यांच्या लगीनघाईच्या दिवसांत, ती असह्य झाली. ग्राहकाशी बोलता बोलता माझा आवाज तुटायचा, समोरचा माणूस "हॅलो, मॅडम, हॅलो" करत राहायचा आणि मी आपली बोलतच असायचे. त्याच वेळी वरच्या मजल्यावर पुतण्याच्या खेळाचे मोठे अपडेट उतरत असे, किंवा लग्नाहून परतलेल्या कोणाच्या तरी फोनमधून शेकडो फोटो आपोआप इंटरनेटवर चढत असत. पुरवठादाराकडे विचारणा केली तेव्हा "प्लॅन वाढवा" एवढेच उत्तर मिळाले. आम्ही ५० एमबीपीएसचा (सेकंदाला ५० मेगाबिटचा; आठ बिटांचा एक बाइट) प्लॅन १०० चा केला. बिल वाढले, आवाज पूर्वीसारखाच तुटत राहिला. आपल्याकडे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले होते आणि २०२३ पासून ती किमान मर्यादा २ एमबीपीएस आहे. माझ्या एका व्हिडिओ संभाषणाला साधारण तेवढाच वेग पुरतो. तेव्हा शंभरात माझे दोन का मावत नाहीत, हा प्रश्न मला पडला.

उत्तर एका रविवारी मिळाले. सगळे जेवून आडवे झालेले असताना मी लॅपटॉपवर पिंग, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा (पॅकेट) पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा, लावून ठेवले. घर शांत असताना एक फेरी ५ ते ६ मिलिसेकंदांत पूर्ण होत होती. मग मी स्वतःच्या फोनमधले फोटो इंटरनेटवर चढवायला लावले आणि आकडे बघत बसले: ४०, १८०, ४२०, आणि मग ७०० च्या घरात ते स्थिरावले. एकही पॅकेट हरवत नव्हते. प्रत्येक पॅकेट केवळ उशिरा पोहोचत होते. बोलण्यासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे, आणि आमच्या घरात तो त्याच्या कितीतरी पलीकडे गेला होता. आमचा अपलोडचा वेग ४० एमबीपीएसच्या आसपास आहे. त्या वेगाला ७०० मिलिसेकंद म्हणजे साडेतीन मेगाबाइट माहिती कुठल्या तरी डब्याच्या स्मृतीत रांग लावून उभी होती आणि माझ्या आवाजाची चिमुकली पॅकेटे त्या रांगेच्या शेपटीला होती. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. २०११ च्या सुमारास जिम गेटिस यांच्या लेखनातून हे नाव रूढ झाले. स्मृती स्वस्त झाल्यावर यंत्रे बनवणाऱ्यांनी एकही पॅकेट टाकून द्यावे लागू नये म्हणून मोठमोठे साठे ठेवले. टीसीपी या पाठवण्याचा वेग ठरवणाऱ्या नियमाला मात्र सहसा पॅकेट वाटेत पडल्याशिवाय आपण फार वेगाने पाठवत आहोत हे कळतच नाही, त्यामुळे तो साठा भरेपर्यंत पाठवत राहतो.

हे सगळे मी सासऱ्यांना चहाच्या वेळी सांगितले, कारण बिल त्यांच्या नावावर येते आणि त्यात मी काय उद्योग करणार आहे हे त्यांना कळायला हवे होते. ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्यात तीसेक वर्षे वाहिन्या आणि व्हॉल्व्ह यांचे काम बघत होते. आमच्या घरात गच्चीवरच्या टाकीतून पाणी येते आणि खालचा नळ पूर्ण सोडला की वरच्या मजल्यावरची आंघोळ अर्ध्यावर थांबते. म्हणून खालच्या वाहिनीचा स्टॉपकॉक त्यांनी फार पूर्वीच थोडा चेपून ठेवलेला आहे. माझे बोलणे ऐकून त्यांनी विचारले, "मग हा साठा होतो कुठं? आपल्या घरात, की त्यांच्याकडे?" मी म्हटले, "बाबा, वाट जिथं सर्वांत अरुंद, तिथं. म्हणजे त्यांच्या डब्यात." त्यावर ते म्हणाले, "मग आपल्या घरातली चावी त्यांच्यापेक्षा थोडी जास्त चेप. साठा आपल्याकडे येईल, मग कुणाला आधी सोडायचं ते आपण ठरवू." पुढे मी जे काही वाचले आणि केले त्यात याहून वेगळे काही निघाले नाही. फक्त पुरवठादाराच्या राउटरला अशी चावी नव्हती, म्हणून लिनक्सचा सर्व्हर.

संगणक घरातच होता: दिरांच्या जुन्या कार्यालयातून भंगाराच्या भावात आलेला एक बुटका डेस्कटॉप, ४ जीबी मेमरीचा. पंख्यातली धूळ काढली, छोटी एसएसडी बसवली आणि त्यावर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) घातले. अशा कामाला नेटवर्कची दोन तोंडे लागतात, एक बाहेरचे आणि एक घरातले. या यंत्राला एकच होते. यूएसबीला लावायचे अडॅप्टर चालते, पण रात्रंदिवस चालणाऱ्या गोष्टीला लोंबकळणारी जोडणी नको असे मला वाटले. शनिवारी ठाणे, मग दादर, मग ग्रँट रोड असा प्रवास करून लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारातून वापरलेले गिगाबिटचे नेटवर्क कार्ड आणले. बुटक्या पेटीला अरुंद पट्टीचे कार्ड लागते हे दुकानदाराच्या लक्षात आले, माझ्या नाही. त्याने खणातून तशी पट्टी शोधून स्क्रू आवळून दिली, नाहीतर मला तोच प्रवास पुन्हा करावा लागला असता. घरी आल्यावर पहिले काम केले ते कोणते तोंड कोणते हे ओळखून त्यांवर सासूबाईंच्या मसाल्याच्या डब्यांसाठी आणलेल्या चिकटपट्ट्या लावण्याचे: "बाहेर" आणि "घर". लिनक्स या तोंडांना जी लांबलचक नावे देते ती मध्यरात्री वायर हातात धरून आठवत नाहीत.

आता पुरवठादाराचे दार उघडायचे होते. फायबरचा मोडेम, ज्याला तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात, तोच आतापर्यंत राउटरचेही काम करत होता. तो ब्रिज पद्धतीवर टाकला की माहिती नुसती एका तारेतून दुसऱ्या तारेत पोहोचवतो आणि डायल करण्याचे, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन जोडणी उभी करण्याचे, काम आपल्या यंत्राकडे येते. आलेला तंत्रज्ञ भला मुलगा होता. "मॅडम, हे नीट चाललेलं कशाला काढताय?" असे त्याने दोनदा विचारले आणि मग दहा मिनिटांत सेटिंग बदलून युजरनेम व पासवर्ड एका पावतीच्या मागे लिहून दिला. तो गेल्यावर मी डायल केले तर ओळखच पटेना. तासभर मी पासवर्डातला शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल करून पाहिली. शेवटी कळले की आमचे खाते जुन्या यंत्राच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे त्याच्या नेटवर्क-ओळखक्रमांकाशी, बांधलेले आहे. फोन करून ते बांधणे सोडवून घेतले आणि पुढच्याच क्षणी सर्व्हरच्या पडद्यावर जोडणी उभी राहिली.

ज्याला वाटणी म्हणतात तो भाग यानंतर अर्ध्या तासात उरकला, हे मला आजही नवलाचे वाटते. लिनक्स एका तोंडातून आलेले पॅकेट आपण होऊन दुसऱ्या तोंडातून पुढे पाठवत नाही. त्यासाठी कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, आयपी फॉरवर्ड नावाची एक खूण शून्याची एक करावी लागते. घरातल्या यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते मिळतात. ते १९९६ पासून घरगुती व कार्यालयीन जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत आणि बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून तेथे सर्व्हरचा पत्ता लिहावा लागतो आणि उत्तर आले की ते कोणाचे होते हे नोंदवहीत बघून आत पोहोचवावे लागते. एखाद्या सोसायटीत सगळी पार्सले वॉचमनच्या नावाने यावीत आणि त्याने वहीत बघून घरोघर पोहोचवावीत, तसे. ही नोंदवही कर्नलच ठेवतो. आपण फक्त "बाहेरच्या तोंडावर मास्करेड" अशी एक ओळ लिहायची. पूर्वी हे आयपीटेबल्स या नियम लिहिण्याच्या साधनाने करत. मी एनएफटेबल्स वापरले, जे कर्नलमध्ये २०१४ च्या जानेवारीत आले आणि डेबियनने १० व्या आवृत्तीपासून मूळ पद्धत म्हणून घेतले. घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्यासाठी डीएनएसमास्क आणि संकेतस्थळांच्या नावांचे अंकी पत्ते शोधण्यासाठी अनबाउंड हे प्रोग्राम बसवले. एका मित्राने स्क्विड नावाचा प्रोग्राम घालून पाने साठवून ठेवण्याचा सल्ला दिला होता. २५६ केबीपीएसच्या दिवसांत त्याने खरोखर फायदा व्हायचा. आता जवळपास सगळी पाने सांकेतिक वेष्टनात येत असल्याने मधल्या यंत्राला साठवण्यासारखे काही हाती लागत नाही. तो बेत सोडला.

तिन्ही मजल्यांवर जुनेच वायफाय राउटर ठेवले, पण त्यांचे राउटरपण काढून घेतले, म्हणजे केबल त्यांच्या आतल्या तोंडात घातली आणि पत्ते वाटण्याचे काम बंद केले. म्हणजे दोन मजल्यांवर बंद केले. वरच्या मजल्यावर मी ते करून "जतन करा" दाबायचे राहिले असावे. दुसऱ्या दिवशी जाऊबाई जिन्यावरून खाली आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझं ते नेट गॅलरीत येतं आणि स्वयंपाकघरात आलं की जातं." मी भिंतींना दोष दिला, राउटरची जागा बदलली, वायफायचे चॅनेल बदलले. दोन दिवस असे गेले. शेवटी त्यांचाच फोन हातात घेऊन पत्ता पाहिला तेव्हा तो माझ्या सर्व्हरने दिलेला नव्हताच. एका घरात दोन जण पत्ते वाटत होते आणि फोन जोडला जाताना ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेत होता. वरच्या राउटरकडून पत्ता मिळालेली यंत्रे बाहेर जाण्यासाठी त्या राउटरकडेच बघत होती आणि त्याला स्वतःला बाहेरची वाट नव्हती. स्वयंपाकघराचा त्यात काही संबंध नव्हता. जाऊबाई गॅलरीतून आत येताना फोन जुनी जोडणी सोडून नव्याने जोडून घेत असे, इतकेच. ते बटण दाबल्यावर घर शांत झाले.

त्याच आठवड्यात दिरांनी सांगितले की एका बँकेचे पान उघडत नाही. इतर सगळे उघडत होते, त्या बँकेचे पान मात्र पांढरे राहून चक्र फिरत बसायचे. सर्व्हरवरून तेच पान तत्काळ येत होते, म्हणजे दोष वाटणीत होता. पीपीपीओई ही डायल करण्याची पद्धत १९९९ ची आहे; इथरनेटच्या १५०० बाइटांच्या पॅकेटात ती स्वतःची ८ बाइटांची पाटी लावते, त्यामुळे आत १४९२ उरतात. सर्व्हरला हे ठाऊक असते, पण घरातले लॅपटॉप पूर्ण १५०० गृहीत धरून समोरच्याला "मला एवढी मोठी पॅकेटे चालतील" असे कळवतात. समोरून तशी मोठी पॅकेटे निघतात, वाटेत मावत नाहीत आणि "लहान करून पाठवा" असा जो निरोप परत जायला हवा, तो कोणत्या तरी फायरवॉलने अडवलेला असतो. लहान पॅकेटांची देवघेव होते, म्हणून जोडणी लागल्यासारखी दिसते. पहिले मोठे पॅकेट आले की सारे थिजते. उपाय असा की जोडणी सुरू होतानाच्या पॅकेटातला तो आकडा सर्व्हरने जाता जाता कमी करायचा: १४९२ मधून पॅकेटावरच्या पत्त्यांच्या शीर्षांचे ४० बाइट वजा करून १४५२. एनएफटेबल्समध्ये ती एक ओळ आहे. ती घातली आणि वर ओरडून विचारले, "भाऊजी, बघा बरं आता." बँक उघडली होती. ज्यांना हे ठाऊक नसते ते बहुधा बँकेला शिव्या देतात. मीही आधी दिल्याच होत्या.

मधल्या काळात मी एकदा स्वतःलाच बाहेर कोंडून घेतले. आत येणारे सगळे बंद, असा नियम लिहून फाईल लागू केली आणि घरातून सर्व्हरवर येण्याची माझी स्वतःची वाट उघडी ठेवायला विसरले. सर्व्हरला पडदा नव्हता, कळफलकही नव्हता. रात्री साडेअकराला नवऱ्याने कुरकुरत टीव्ही भिंतीवरून उतरवून खाली आणला. तेव्हापासून नियम बदलताना मी आधी एक गजर लावते, जो दोन मिनिटांनी जुने नियम आपोआप परत आणतो. सगळे ठीक असेल तर गजर रद्द करायचा.

इतके होऊनही मूळ दुखणे तसेच होते, कारण साठा अजून पुरवठादाराच्या डब्यातच होत होता. मेच्या पहिल्या आठवड्यात मी चावीकडे वळले. लिनक्सच्या कर्नलमध्ये २०१८ पासून, ४.१९ या आवृत्तीपासून, केक नावाची रांग सांभाळणारी व्यवस्था आहे. तिचा एक पाया म्हणजे कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली कोडेल ही पद्धत. रांग किती लांब आहे यापेक्षा पॅकेट रांगेत किती वेळ उभे आहे याकडे ती बघते, आणि सर्वांत कमी थांबावे लागलेल्या पॅकेटालाही काही काळ सतत ५ मिलिसेकंदांहून अधिक थांबावे लागत असेल तर एखादे पॅकेट मुद्दाम टाकून देते, म्हणजे पाठवणारा समजून घेऊन हात आखडतो. दुसरा भाग वाटणीचा. ज्याला रांगेत ढकलाढकली करता येते त्याला जास्त, असे न करता प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने सोडायचे. पण नुसते प्रवाह मोजले तर पुतण्याचा डाउनलोड करणारा प्रोग्राम एकाच वेळी सोळा जोडण्या उघडून सोळा वाटे घेणार आणि सासऱ्यांचे कीर्तन एकच वाटा घेणार. केक आधी यंत्रानुसार वाटे पाडते आणि मग प्रत्येक वाट्यात प्रवाहांना बसवते. ताट माणशी एक. एका ताटात वाट्या किती, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

यात एक बारीक खोच आहे, आणि मला ती कळायला चार दिवस लागले. बाहेरच्या तोंडापाशी पॅकेट पोहोचेपर्यंत त्यावरचा घरातला पत्ता खोडलेला असतो, त्यामुळे तेथे बसलेल्या केकला सगळे घर एकच यंत्र वाटते. तिला नोंदवहीत डोकावून मूळ पत्ता बघायला सांगणारा नॅट हा एक शब्द आज्ञेत लिहावा लागतो. तो न लिहिता मी "आलटूनपालटून चाललंय, पण न्याय होत नाही" असे म्हणत बसले होते.

अपलोडची चावी सोपी होती: बाहेरच्या तोंडावर ३६ एमबीपीएसची मर्यादा. डाउनलोडचे अवघड, कारण ते पॅकेट आपल्यापर्यंत येते तेव्हा अरुंद जागा ओलांडूनच आलेले असते. तरीही आपण ते मुद्दाम थोडे हळू आत घेतले, अधूनमधून एखादे टाकले, तर पाठवणारा वेग कमी करतो आणि पलीकडचा साठा भरत नाही. मी आधी सोपा मार्ग म्हणून ही मर्यादा घराकडच्या तोंडावर घातली, ९२ एमबीपीएसची. इंटरनेटचे काम झाले. पण सर्व्हरवर ठेवलेले घरचे फोटो लॅपटॉपवर घेताना तेही सेकंदाला ११ मेगाबाइटांच्या पुढे जाईनात, कारण घरातल्या घरातली वाहतूकही त्याच चावीतून जात होती. मग आयएफबी नावाचे एक खोटे तोंड तयार केले, बाहेरून येणारी पॅकेटे त्यातून वळवली आणि चावी तेथे बसवली.

पुन्हा एका रविवारी तीच कसोटी घेतली. फोटो वर चढत होते, पुतण्याला मुद्दाम खेळ उतरवायला लावले होते, खाली टीव्हीवर कीर्तन चालू होते आणि पिंगचे आकडे १२ ते १८ च्या दरम्यान रेंगाळत होते. शंभरातले आठ आम्ही सोडून दिले होते. पुतण्याने वेग मोजून पाहिला आणि "काकू, आपले पैसे फुकट जातायत" अशी तक्रार केली. सासऱ्यांनी त्याला गच्चीवर नेऊन टाकी दाखवली की आणखी काही समजावले, ठाऊक नाही. पुन्हा तो काही बोलला नाही.

काम झाल्याची बातमी भिंतीपलीकडे गेली. शेजारचे काका एका संध्याकाळी येऊन म्हणाले, "गच्चीवरून एक वायर टाकतो आमच्याकडे, महिन्याचे अर्धे पैसे देतो. तुमच्याकडे तर सर्व्हर आहे." तांत्रिकदृष्ट्या ते पाच मिनिटांचे काम होते. परंतु आमच्या करारात जोडणी घराबाहेर देता येत नाही असे स्पष्ट लिहिले आहे, आणि इंटरनेट पुरवणे हा परवान्याचा विषय आहे. शिवाय मास्करेडचा अर्थच असा की त्यांच्या घरातून जे काही जाईल ते आमच्या पत्त्याने जाईल आणि विचारणा झालीच तर ती सासऱ्यांना होईल. हे त्यांना सांगताना मला संकोच वाटला, पण सांगितले. पुढे सासूबाईंनी त्यांच्याकडे आंब्याची पेटी पाठवली तेव्हा ते थोडे निवळले.

खरे म्हणजे आमच्या पत्त्याने, हे म्हणणेही पुरते बरोबर नाही. सर्व्हरला पुरवठादाराकडून मिळालेला पत्ता १०० ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा हा पट्टा २०१२ मध्ये पुरवठादारांच्या आतल्या वापरासाठी राखला गेला, म्हणजे मी घरात जे करते तेच ते संपूर्ण विभागासाठी करतात. आशिया-पॅसिफिकच्या वाटपसंस्थेकडचा जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला होता, त्यामुळे त्यांना बोल लावता येत नाही. परिणाम इतकाच की कार्यालयातून घरच्या सर्व्हरवर थेट येण्याचा माझा बेत बारगळला.

शेवटचा धडा पावसाळ्यात मिळाला. एका शुक्रवारी देखभालीसाठी सकाळपासून वीज बंद होती. दुपारी आली, सर्व्हर आपोआप सुरू झाला, जोडणीही लागली आणि तरी घरात काहीच उघडेना. मी कार्यालयात होते. सासरे फोनवर आणि मी महाप्याच्या कॅन्टीनमध्ये, असे आमचे काम सुरू झाले. त्यांना मी कळफलक जोडायला सांगितला, टीव्ही पुन्हा उतरवला गेला. "८.८.८.८ ला पिंग करा, बाबा." चार आठांच्या या पत्त्यावरून, म्हणजे गूगलच्या सर्व्हरकडून, उत्तर येत होते. संकेतस्थळाचे नाव टाकले की येत नव्हते. मग मी तारीख विचारली. त्यांनी पडद्यावरची तारीख वाचून दाखवली. ती वर्षाहून अधिक मागची होती. जुन्या संगणकाची घड्याळाची सेल संपलेली होती आणि वीज गेल्यावर तो काळ विसरला होता. अनबाउंड नावांची उत्तरे स्वाक्षरी तपासून घेतो आणि त्या स्वाक्षऱ्यांवर पासून-पर्यंत अशा तारखा असतात. सर्व्हरच्या मते त्या सगळ्या भविष्यातल्या होत्या, म्हणून एकही उत्तर त्याला खरे वाटेना. घड्याळ दुरुस्त करण्यासाठी वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला विचारावे, तर त्याचेही नाव सापडेना. मूळच्या व्यवस्थेत शेवटची वेळ डिस्कवर नोंदवून ठेवण्याची सोय असते. मी हौसेने ती काढून घड्याळ जुळवणारा क्रोनी हा दुसरा प्रोग्राम बसवला होता, त्यामुळे तेही गेले. सासऱ्यांनी मी सांगितल्याप्रमाणे एकेक अक्षर टंकून तारीख हाताने घातली आणि सगळे मजले एकदम चालू झाले. संध्याकाळी येताना सेक्टरातल्या घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ ची सेल आणली, आणि वेळेसाठी एका सर्व्हरचा अंकी पत्ताही फाईलमध्ये लिहून ठेवला.

सर्व्हर आता जिन्याखालच्या कोनाड्यात, इन्व्हर्टरच्या शेजारी असतो. तो १८ वॅट खातो, म्हणजे महिन्याला साधारण १३ युनिट. त्याच्या बाजूला सासऱ्यांनी कारखान्यात ठेवत तशी एक वही दोरीने बांधली आहे. पहिल्या पानावर सुरू करण्याचा क्रम आहे: आधी मोडेम, हिरवा दिवा स्थिर झाला की सर्व्हर, मग मजल्यांचे राउटर, आणि खाली लाल शाईत, "नाव उघडत नसल्यास प्रथम तारीख पाहणे." पुढच्या पानांवर तारीखवार नोंदी आहेत. शेवटची नोंद मागच्या महिन्यातली: "पंखा साफ केला. आवाज कमी. चावी ९२ वरच आहे, मुलाने बदललेली नाही."